राखेतली गाणी

माझ्या कपाळावर एकदा हिंदी सिनेमातली अडतीस गाणी लावण्यात आली होती. वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल. पण गोष्ट अगदी शब्दशः खरी आहे.

मी तेव्हा नववीत होतो. साल १९९५. वसई तालुक्यातल्या आमच्या घरी एक जुना रेडिओ होता. तो माझ्या आत्याचा. घर सोडून जाताना तिने जे मागे ठेवले त्यात तो एक. दुपारी सारे आडवे झाले की मी त्या रेडिओला कान लावून बसे आणि लागेल ते गाणे वहीत उतरवून घेई. लाल बांधणीची शंभर पानी वही होती. एखादी ओळ हुकली की तेवढी जागा कोरी ठेवायची आणि ते गाणे पुन्हा लागेल त्या दिवसाची वाट पाहायची. कधी आठवडा जाई, कधी महिना. अशी सदतीस गाणी पूर्ण झाली होती आणि अडतिसाव्याची एक ओळ यायची राहिली होती.

एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात ती वही गुरुजींच्या हाती लागली. उपवासकाळ तोंडावर आला होता. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या वाळक्या झावळ्या घराघरांतून गोळा करून जाळायच्या आणि त्यांची राख राखेच्या बुधवारी कपाळी लावायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. देवळामागे झावळ्यांना अग्नी दिलेलाच होता. गुरुजींनी वहीची दोन पाने वाचली (दुसरे पान त्यांनी जरा आवडीने वाचले, अशी माझी आजही शंका आहे) आणि वही त्या आगीत टाकली. बुधवारी फादरांनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. माणूस माती आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. मला मात्र आठवण होत होती ती त्या अपुऱ्या ओळीची.

गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांना माझ्या आत्म्याची काळजी होती, आणि काळजीचा एवढा एकच उपाय त्यांना ठाऊक होता. गाणी काही मी विसरलो नाही. अजूनही त्यातली तीसेक मला तोंडपाठ आहेत. पण त्या दिवसापासून मी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न विचारणे बंद केले. वहीचे दुःख चार दिवसांत ओसरले. प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षे परत आले नाहीत. जाळली वही, आणि जळाले भलतेच!

हे सारे मला आठवायचे कारण असे की, दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात त्याच वर्गाच्या गुरुजींची खुर्ची माझ्याकडे चालून आली.

पहिला रविवार आणि माझी यादी

आमच्या धर्मग्रामाचे फादर एके संध्याकाळी घरी आले. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, आणि मग ते मुद्द्यावर आले. "सर, नववी-दहावीची मुले हाताबाहेर चालली आहेत. मिस्साला येतात, पण मन त्या मोबाइलमध्ये. पालक म्हणतात, काय पाहावे, काय ऐकू नये, हे कुणीतरी नीट सांगायला हवे. तुम्ही कॉलेजात मराठी शिकवता. दहा रविवार द्या."

मी होकार दिला. त्याला दोन कारणे होती. एक तर फादरांना नाही म्हणणे आमच्या घराच्या वळणात बसत नाही. दुसरे कारण म्हणजे त्या मुलांत माझी स्वतःची मुलगीही होती. वय पंधरा. कानांत सदा त्या बोंड्या. मी खोलीत गेलो की त्यातली एक काढायची आणि मी बाहेर पडलो की पुन्हा घालायची, एवढाच आमचा संवाद उरला होता.

पहिल्या रविवारी मी एक यादी करून नेली. टाळण्याजोगे चित्रपट, मालिका, गाणी, मोबाइलवरचे खेळ आणि गायकांचे संघ, अशी चांगली दोन पानांची यादी. सत्तावीस मुले समोर बसली होती. मी यादी वाचू लागलो. चौथ्या-पाचव्या नावाशी मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. उद्धटपणाचा लवलेशही नव्हता त्याच्या आवाजात. त्याने विचारले, "सर, तुम्ही हे पाहिलंय का?"

नव्हते पाहिले. यादीतले निम्मेअधिक मी कुणाकडून तरी ऐकून लिहिले होते. मी खरे तेच सांगितले. मुले हसली नाहीत. हसली असती तर बरे झाले असते. त्यांचे चेहरे बंद झाले, इतकेच. ते बंद चेहरे मी ओळखले. १९९५ साली त्यांतलाच एक माझा होता.

हा तंटा फार जुना

घरी आल्यावर मी कपाटातली पुस्तके काढून बसलो. शिक्षकाला वर्गात उत्तर आले नाही की तो ग्रंथांना शरण जातो! तिथे एक दिलासा मिळाला. माझ्यापुढचा प्रश्न मोबाइलने जन्माला घातलेला नव्हता. तो ख्रिस्ती धर्माइतकाच जुना होता.

इसवी सन २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरी टर्टुलियन नावाचा एक मोठा ख्रिस्ती लेखक होऊन गेला. रोमन साम्राज्यातल्या खेळतमाशांवर त्याने एक आख्खा ग्रंथ लिहिला आणि ख्रिस्ती माणसाने तिथे पाऊल ठेवू नये, असे बजावले. आज तो कडवा वाटतो. पण त्या तमाशांत माणसे एकमेकांना ठार मारीत आणि प्रेक्षक टाळ्या पिटीत, हे ध्यानात घेतले तर त्याचा राग अनाठायी नव्हता, हे पटते. पुढे संत जेरोम यांना तर स्वप्नच पडले. परमेश्वराच्या न्यायासनासमोर आपल्याला उभे केले आहे आणि तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा अनुयायी आहेस, असा ठपका आपल्यावर येतो आहे, असे ते स्वप्न होते. जेरोम यांना लॅटिन वाङ्मयाची गोडी होती, आणि ती गोडी त्यांना स्वप्नातही स्वस्थ झोपू देईना. संत ऑगस्टीन यांनीही आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे की, लहानपणी काव्यातल्या डायडो राणीच्या मरणावर आपण रडलो, पण स्वतःच्या आत्म्याच्या दुर्दशेबद्दल डोळ्यांतून टिपूस काढले नाही. सिनेमात रडून घरी भांडणाऱ्या आपणा सर्वांना हे लागू आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. संत पौल अथेन्सला गेले तेव्हा शहरभर मूर्ती पाहून त्यांच्या मनाला क्लेश झाले; तरी भर सभेत उभे राहून बोलताना त्यांनी त्या लोकांचीच एक वेदी आणि त्यांच्याच कवींचे बोल आधाराला घेतले. चौथ्या शतकात कॅपाडोशियातल्या सिझेरियाचे बिशप संत बेसिल यांनी तर तरुणांसाठी एक लहानसा ग्रंथच लिहिला. ग्रीक वाङ्मय वाचावे कसे, हा त्याचा विषय. त्यांनी दृष्टान्त दिला तो मधमाशीचा. मधमाशी सगळ्याच फुलांवर बसत नाही, आणि ज्यावर बसते तेही सबंध उचलून नेत नाही. उपयोगाचे तेवढे घेते आणि बाकीचे तिथेच सोडते.

मधमाशीचा हा दृष्टान्त वाचला आणि मी यादीचे ते दोन कागद घडी करून बायबलात ठेवून दिले.

चित्रपटाच्या बाबतीतही चर्चला अशीच वाट चालावी लागलेली दिसते. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी पत्रक काढले, तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिकांची वाईट चित्रपट न पाहण्याची शपथ त्यांनी वाखाणली होती. १९५७ साली पोप बाराव्या पायस यांनी चित्रपट, रेडिओ आणि टेलिव्हिजन यांवर पत्रक लिहिले, त्यात प्रेक्षकाला पाहायला शिकवण्यावर भर आला. १९६३च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने या साधनांवर स्वतंत्र आदेशपत्रच मंजूर केले. काय पाहू नये, इथून निघालेली विचारांची गाडी कसे पाहावे, या स्थानकापर्यंत आली. आमचा वर्ग तेवढा मागच्या स्थानकावर राहून गेला होता.

सासष्टीतला एक प्रश्न

दुसऱ्या रविवारी मी मुलांना एक मराठी गोष्ट सांगितली. गोष्ट गोव्याची आणि चारशे वर्षांपूर्वीची. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले आणि सासष्टी भागात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार! १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. आज त्या पहिल्या छापाची एकही प्रत हाती लागत नाही. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली आणि १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, म्हणून तुम्हा-आम्हाला ते वाचता येते.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या पुराणाच्या आरंभीच येते. ते पुराण जन्मले कसे, तर धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका प्रश्नातून. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकजण पाद्रीबाबांना म्हणतो की, तुमची शिकवण चांगली. पण आमची जुनी पुराणे तर तुम्ही वर्ज्य केलीत, मग मनाला रमायला आम्हाला तसेच दुसरे काही का देत नाही?

"म्हणजे त्यांचंपण काढून घेतलेलं?" एका मुलीने विचारले.

होय, काढून घेतलेले. हे लपविण्यात अर्थ नव्हता. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली गेली, पोथ्या नष्ट झाल्या. १६८४ साली स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम निघाला. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती लग्नांत ओव्या गाण्यावरही बंदी घातली. ज्या ओवीतून स्टीफन्स यांनी ख्रिस्त गायिला, तीच ओवी लग्नाच्या मांडवात गुन्हा ठरली. मी मुलांना विचारले, "मग ओव्या बंद झाल्या असतील का?" माझ्या मुलीने बऱ्याच दिवसांनी दोन्ही कान मोकळे ठेवून उत्तर दिले, "नसतीलच झाल्या." बरोबर होते. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात रोसाच्या विधीला आजही ओव्या म्हणतात. इन्क्विझिशन १८१२ साली संपले. ओवी संपली नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हेच झाले. अहमदनगरकडे १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले; टाळ-मृदंग तोच, आख्यान नवे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांतून ख्रिस्त गायिला. आपल्या लोकांच्या सुरावर त्यांचा विश्वास होता. एवढेच काय, ख्रिस्ताने स्वतःसुद्धा शिकवण दिली ती गोष्टींतून. हरवलेले नाणे शोधीत घर झाडणारी बाई, उधळ्या मुलगा, मालकाला फसविणारा कारभारी, या काही देवळातल्या गोष्टी नव्हेत. त्या चव्हाट्यावरच्या आहेत.

आणि मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा कशातून झाली, ठाऊक आहे? १९१०च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. "म्हणजे सिनेमाला घराबाहेर काढायचं तर आधी आपल्यालाच निघावं लागेल," मागच्या बाकावरचा तो मुलगा म्हणाला. त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर बसू लागला.

तीन प्रश्न

पुढचा कार्यक्रम आम्ही सर्वांनी मिळून ठरविला. दर रविवारी तिघाचौघांनी आपल्या आवडीची एकेक गोष्ट आणायची. गाणे, चित्रपट, मोबाइलवरची चित्रफीत, जाहिरात, काहीही चालेल. ती सर्वांनी पाहायची आणि तिला तीन प्रश्न विचारायचे. पहिला : यात माणसाची किंमत कशावर ठरते? देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडविला, हे बायबलच्या पहिल्याच अध्यायात येते. तेव्हा गोरा रंग, पैसा किंवा बाहुबळ यांवर किंमत ठरत असेल तर तिथे थांबून पाहायचे. दुसरा : यात कुणाला हसायचे आहे आणि कुणाला वगळले आहे? कारण 'माझा शेजारी कोण' या प्रश्नाला येशूने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगून उत्तर दिले, आणि तो शोमरोनी त्या काळच्या लोकांना नकोसाच होता. तिसरा : हे संपल्यावर मी घरात कसा वागतो?

तिसऱ्या प्रश्नाने सर्वांना जेरीस आणले. त्यात मीही आलो. रात्री दूरचित्रवाणीवरच्या राजकीय भांडणांच्या चर्चा पाहून उठल्यावर मी घरात कसा बोलतो, हे माझ्या मुलीने भर वर्गात सांगितले.

एका मुलाने इंग्रजी-हिंदी मिसळ असलेले एक जलद तालाचे गाणे आणले. ताल खरोखरच जबरदस्त होता. माझाही पाय हलत होता. शब्द मात्र मुलींविषयी अत्यंत हलके. तो म्हणाला, "सर, शब्द कोण ऐकतो? आम्ही बीट ऐकतो." मी म्हटले, "ठीक. मग बीट काढू आणि शब्द वाचून पाहू." तो कागद घेऊन उभा राहिला. दुसऱ्या बाकावर त्याची धाकटी बहीण बसली होती. पहिली ओळ त्याने कशीबशी वाचली. दुसरीच्या निम्म्यावर तो थांबला, बहिणीकडे पाहिले आणि खाली बसला. मी एक अक्षर बोललो नाही. पुढे त्याने ते गाणे ऐकायचे सोडले की नाही, हे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही. पण शब्द कुणी ऐकत नाही, हे वाक्य त्या वर्गात पुन्हा कुणी उच्चारले नाही.

एक गोष्ट मात्र मुलांनीच माझ्या नजरेस आणून दिली. माझी गाण्याची वही आणि त्यांचा मोबाइल या दोन निराळ्या जाती आहेत. मला एका ओळीसाठी महिनाभर थांबावे लागे. त्यांना एक संपायच्या आत दुसरे समोर येते, न मागता येते, आणि कशावर बोट अधिक वेळ रेंगाळले याची नोंद ठेवून तिसरे येते. बेसिलांची मधमाशी फुले निवडीत होती. हल्ली फुलेच मधमाशीच्या पाठीस लागली आहेत. तेव्हा काय पाहावे याइतकाच केव्हा थांबावे हाही प्रश्न आहे. आमच्या धर्माने त्यासाठी उपवास नावाची फार जुनी युक्ती शिकविली आहे. मुलांनी बुधवारची संध्याकाळ मोबाइलविना काढायचे ठरविले. एक मुलगी म्हणाली, "पहिला तास लय जड जातो. मग भूक लागते आणि आईशी बोलणं होतं." उपवासाचे याहून चांगले वर्णन मी प्रवचनातही ऐकलेले नाही.

आमच्याकडचे काय?

दहा रविवार केव्हाच उलटून गेले होते. नोव्हेंबरात मुलांनी 'सैराट' मागितला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ साली आला, तेव्हा ही मुले अगदी लहान होती. पण त्यातल्या 'झिंगाट'वर नाचल्याखेरीज त्यांच्यापैकी एकाचेही बालपण गेले नव्हते. आमच्याकडच्या लग्नांतही, मिस्सा आटोपला आणि मांडवात वाजंत्री आली की पहिली फर्माईश त्याचीच. चित्रपट मात्र अनेकांनी शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

शेवट सर्वांना माहीत आहे. पाटलाची मुलगी आणि मासेमाऱ्याचा मुलगा पळून जातात, संसार थाटतात, त्यांना मूल होते. आणि एके दिवशी मुलीचा भाऊ माहेरचा आहेर घेऊन दारी येतो. पुढे पडद्यावर आवाज नाही. ते तान्हे मूल रक्ताच्या पावलांनी घराबाहेर चालत जाते. आमच्या वर्गातही आवाज नव्हता. मी उत्पत्तीच्या पुस्तकातला काइन आणि हाबेल यांचा उतारा वाचायला घेतला. भावाने भावाला मारल्यावर, तुझा भाऊ कुठे आहे, असे देव काइनाला विचारतो, ते स्थळ. मला वाटले, आजचा पाठ उत्तम साधला.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, हे त्यांच्याकडचं झालं. आमच्याकडचं काय? आमच्याकडे कुणी मारत नाही. पण स्थळ आलं की पहिल्यांदा विचारतात, कुठल्या समाजाचे."

वसईच्या ख्रिस्ती लोकांत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा जुन्या ज्ञाती आहेत. पोर्तुगीज अमलात, १५३४ नंतरच्या काळात, बाप्तिस्मे झाले. माणसांनी नवी नावे घेतली. ज्ञातींनी आपली जुनीच ठेवली. एका वेदीपाशी गुडघे टेकायचे, एकच भाकर घ्यायची आणि सोयरिकीची वेळ आली की आपापल्या अंगणात परतायचे. आता हे पुष्कळ सैल झाले आहे, मिश्र लग्ने होतात, मांडवही सजतात. पण प्रश्न खोटा नव्हता. सत्तावीस चेहरे माझ्याकडे पाहत होते आणि त्यांतला एक माझ्या मुलीचा होता.

मी आत्याची गोष्ट सांगितली.

माझी आत्या, जिचा तो रेडिओ, १९८८ साली घर सोडून गेली. तिने लग्न केले ते ख्रिस्ती मुलाशीच, देवळातच. पण तो आमच्या समाजाचा नव्हता. आजोबांनी तिचे नाव घेणे बंद केले. आजोबा गेले, तरी माझ्या वडिलांनी ते सुरू केले नाही. कुणी कुणाला मारले नाही. बोटभर रक्त सांडले नाही. ती आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर राहत होती आणि तुझी बहीण कुठे आहे, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारले नव्हते. मीही नाही. कॉलेजात मी वीस वर्षे दलित साहित्य शिकवीत आलो आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

वर्ग सुटला. घरी येईपर्यंत मुलगी काही बोलली नाही. दाराशी आल्यावर म्हणाली, "पप्पा, नंबर आहे का आत्याआजीचा?"

नंबर मिळविला तिनेच, आणि फोनही तिनेच लावला. ज्या मोबाइलवर जप्ती आणायचा माझा बेत होता, त्याच मोबाइलवरून.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आत्या आली. केस सगळे पांढरे. दारावरच्या ताऱ्याखाली क्षणभर थांबली. माझे वडील शहात्तर वर्षांचे. पडवीत आरामखुर्चीत बसून होते. ती समोर येऊन बसली. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले नाही. आईने चहाचे कप बाहेर आणले. बराच वेळ कुणाला शब्द सापडेना. मग वर्तमानपत्राआडून वडील आईला म्हणाले, "तिच्या चहात साखर कमी असेल बघ. दोन चमचे लागतात तिला."

सदतीस वर्षे त्यांनी तिचे नाव घेतले नव्हते. पण साखर विसरले नव्हते.

पुढे राखेचा बुधवार आला. वाळक्या झावळ्या देवळामागे जमा झाल्या. फादरांच्या संमतीने मी मुलांना सांगितले की, आपल्याला जे जाळावेसे वाटते ते ज्याचे त्याने एका चिठ्ठीवर लिहावे आणि आपल्या हाताने आगीत टाकावे. कुणी वाचणार नाही, कुणी विचारणार नाही. सत्तावीस चिठ्ठ्या पडल्या. कुणी काय लिहिले, देव जाणे. माझ्या मुलीनेही एक टाकली.

मीही रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. बायबलात घडी करून ठेवलेले ते दोन कागद, पहिल्या रविवारची माझी यादी, मी झावळ्यांवर ठेवली. कागद चांगला जाड होता; पेटायला जरा वेळ लागला.